मंगळवारी सकाळी अकरा वाजता

मुलाला शाळेत घालायचं नाही असं ठरवणाऱ्या पालकांनी शिक्षणावरची पुष्कळ पुस्तकं वाचलेली असतात. मूल जात्याच जिज्ञासू असतं, घंटा आणि गणवेश यांच्यामुळे त्याची जिज्ञासा मरते, स्पर्धेने त्याचा आत्मविश्वास खचतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. फक्त हे मूल आता दिवसभर घरी असणार, एवढं त्या पुस्तकांनी सांगितलेलं नसतं. ते पहिल्या पंधरवड्यात आपोआप कळतं. जिज्ञासू मूल सकाळी साडेसातला मिक्सर उघडून बघतं, दहा वाजता 'आता काय करू?' असं विचारतं आणि साडेदहाला पुन्हा तेच विचारतं. मग आई आपल्यासारख्याच दुसऱ्या आईला फोन लावते, दोघी मिळून तिसरी हुडकून काढतात, व्हॉट्सॲपवर गट निघतो आणि होमस्कूलिंगवाल्यांचा मेळावा जन्माला येतो. त्यांच्या भाषणांत याला 'समविचारी कुटुंबांचं सहजीवन' म्हणतात. खरं तर ते 'आता काय करू?' या प्रश्नाचं सामुदायिक उत्तर असतं, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. बऱ्याच थोर संस्थांचा उगम घरच्यांना कुणाचा तरी वीट येण्यात आहे.

हे मेळावे जरा लक्ष देऊन पाहिले की एक गंमत दिसते. शाळा नको म्हणून बाहेर पडलेली माणसं एकत्र आली की तिसऱ्या भेटीपर्यंत शाळा उभी राहते. पहिल्या भेटीला वेळ ठरलेली नसते, कारण घंटा म्हणजे गुलामी. परिणामी नऊपासून पावणेअकरापर्यंत लोक जमतच राहतात, आणि शेवटचे येतात तेव्हा पहिले निघण्याच्या बेतात असतात. म्हणून दुसऱ्या भेटीला वेळ ठरते. मग कोण येणार याची यादी, म्हणजे हजेरी. मुलं गर्दीत हरवू नयेत म्हणून एका रंगाचे टी-शर्ट, म्हणजे गणवेश. गटात आयटीतले एक बाबा असतातच. कोष्टकात बसल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली यावर त्यांचा विश्वास नसतो, त्यामुळे ते एक्सेलमध्ये वर्षभराचं नियोजन पाठवतात. 'आम्ही शिकवत नाही हो, तो त्याचं तो शिकतो' असं म्हणणाऱ्या आईच्या पिशवीत वर्कशीटच्या पंचवीस झेरॉक्स असतात. डब्यात नाचणीच्या लाडवांची इतकी सक्ती असते, की मुलं झाडामागे जाऊन चिप्सची चोरटी देवाणघेवाण करतात. म्हणजे शाळेतली मधली सुट्टीसुद्धा हजर. यथावकाश होमस्कूलिंगवाले आणि अनस्कूलिंगवाले असे दोन पंथ पडतात. 'अनस्कूलिंग' हा शब्द रूढ करणारे अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ साली या विषयाला वाहिलेलं नियतकालिक काढलं, तेव्हा त्यावरून पुण्यात दोन गट पडतील याची त्यांना कल्पना नसावी. पुण्यात गट पडायला एवढं मोठं कारण लागतच नाही, ही गोष्ट वेगळी.

अशा गटात कधीतरी कुणीतरी, बहुधा जिचं आजोळ शनिवार पेठेत आहे अशी एखादी आई, 'आपण मुलांना इथला स्थानिक इतिहास दाखवूया' असं सुचवते. माझं म्हणणं असं, की या मेळाव्यांना खऱ्या अर्थाने साजेसा असा हा एकच उद्योग आहे, आणि त्याचं कारण त्यांच्या जाहीरनाम्यांत कुठेही सापडत नाही. तिथे सर्जनशीलता, स्वातंत्र्य, समग्र विकास असे भारी शब्द असतात. त्यांचं खरं भांडवल पुष्कळ साधं आहे. त्यांची मुलं मंगळवारी सकाळी अकरा वाजता मोकळी असतात.

याचं महत्त्व कळायला शाळेतल्या मुलाचं वेळापत्रक बघावं. ते बिचारं मोकळं असतं रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात. मे महिना सोडला तर नेमकी याच वेळी इतिहासाची बरीच दारं बंद असतात. जुनी माणसं ज्याला पेशवे दफ्तर म्हणतात ते पुण्याचं पुराभिलेखागार सरकारी कार्यालय आहे. २०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हापासून रविवारच्या जोडीला शनिवारही गेला. तिथे कापडात बांधलेले मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. एखादा सुटलेला बघायला परवानगी काढून कामाच्या दिवशीच जावं लागतं. म्हणजे पेशव्यांचे कागद उघडे असतात त्या वेळी पुण्यातलं प्रत्येक मूल वर्गात बसून पेशव्यांबद्दलच्या रिकाम्या जागा भरत असतं. राहता राहिली शाळेची सहल. डिसेंबरात तीन बस निघतात, शिट्टीवर रांग लागते आणि वीस मिनिटांत पेशवाई आटोपून सगळे सारसबागेकडे वळतात. दीडशे मुलांच्या रांगेतून शनिवारवाडा म्हणून जे दिसतं ती पुढच्याची मान असते. त्यातही १७३० साली पाया घातलेल्या आणि १८२८ च्या आगीत जळालेल्या त्या वाड्याची आता तटबंदी, दरवाजे आणि जोती उरली आहेत. 'वाडा जळला, मग आपण बघायला काय आलोय?' असं एखादं मूल विचारतं. संपूर्ण इतिहासशास्त्राचा गाभा असलेला हा प्रश्न, आणि त्याला उत्तर मिळतं शिट्टीचं.

आता कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. कामाच्या दिवशी तिचा पत्ता विचारावा लागत नाही, ठोक्यांच्या आवाजावर पोचता येतं. कारागीर जमिनीवर बसलेला असतो. त्याच्यासमोर जाड लोखंडी दांडा तिरका रोवलेला. त्याच्या टोकावर हंड्याचं पोट आतून टेकवून तो बाहेरून हातोडीचा एक ठोका घालतो, हंडा अंगुळभर फिरवतो, शेजारी दुसरा ठोका घालतो. नजर हंड्यावर, आणि गप्पा मात्र चालू. त्या ओळीने पडलेल्या चमकत्या ठोक्यांना मठारकाम म्हणतात. पाहुण्या मंडळींना ती नक्षी वाटते. ठोक्याने पत्रा घट्ट बसतो, भांडं दणकट होतं, शोभा ही मागाहून आलेली, हे तिथे बसल्यावरच कळतं. मग आठ वर्षांचं मूल विचारतं, 'एका हंड्याला किती ठोके?' आणि चौदा वर्षांचं विचारतं, 'एका हंड्याचे किती मिळतात?' दुसरा प्रश्न कुठल्याही वर्कशीटवर छापलेला नसतो. आळीतल्या पुढच्या पिढीने हातोडी का खाली ठेवली, याचं उत्तर मात्र त्यातच आहे. आठ आणि चौदा वर्षांची मुलं एकाच वेळी एकाच हंड्याभोवती बसली म्हणून दोन्ही प्रश्न निघाले. शाळेत ती दोन वेगवेगळ्या मजल्यांवर असतात.

कात्रजच्या पाण्याचंही तसंच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. वाटेत हवा जायला आणि नळ साफ करायला उच्छ्वास बांधले, पेठांतून हौद बांधले. त्यातले काही उच्छ्वास अजून उभे आहेत, कसला तरी जुना बुरूज समजून लोक त्यांच्या सावलीत स्कूटर लावतात. एकेक उच्छ्वास शोधत मुलांनी कात्रजच्या दिशेने चालत जावं, यापेक्षा चांगला धडा मला सुचत नाही. त्यात भूगोल आहे, उताराचं गणित आहे, आणि विजेशिवाय पाणी आलं कसं हे विज्ञानही आहे. ज्यांच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतात त्या मुलांना त्यातून नागरिकशास्त्राचेही दोन-तीन प्रश्न पडतात. ते प्रश्न बाबांना आवडत नाहीत, कारण फ्लॅट घेताना त्यांनी ते विचारलेले नसतात.

यावर शहाणी माणसं म्हणतील, हे सगळं पाठ्यपुस्तकात घालता येईल की. आपल्याकडे तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं काढायची पद्धत आहे. ती खरोखर कौतुकाची आहे, तिला नावं ठेवायचं मला काहीच कारण नाही. पण जिल्हा म्हणजे गल्ली नव्हे. आणि पुस्तकाला एक मोठी अडचण असते: त्याला खात्रीने बोलावं लागतं. गल्ली खात्रीने बोलत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला, एवढं छापता येतं. पाणी कुठवर आलं होतं हे विचारायला मुलांना चार आजोबांकडे पाठवावं. पहिले म्हणतात जोत्यापर्यंत, दुसरे म्हणतात माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत, तिसरे त्या दिवशी मुंबईत होते पण सगळ्यात सविस्तर तेच सांगतात, आणि चौथ्यांच्या आठवणीत पाणी दरवर्षी एकेक पायरी चढत आलेलं असतं. आता मुलांनी काय करायचं? कुठे भिंतीवर पुराची खूण राहिली आहे का ते पाहायचं, त्या वेळची वर्तमानपत्रं काढायची, कोण कुठे राहत होतं ते नकाशावर मांडायचं, आणि तिसऱ्या आजोबांना न दुखवता त्यांची साक्ष बाजूला ठेवायची. यातली शेवटची पायरी तर भल्याभल्या इतिहासकारांना जमलेली नाही.

असाच लाल महाल. शाळेच्या सहलीत मूल 'इथेच शाएस्तेखानाची बोटं तुटली' असं ऐकतं आणि भिंतीला हात लावून घेतं. ती भिंत महापालिकेने विसाव्या शतकात बांधली, मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला, हे सांगायला कुणाला धीर होत नाही.  तसाच गणेश पेठेतला डुल्या मारुती. तो पानिपतच्या पराभवाच्या वेळी हलला, अशी आख्यायिका आहे. ही आख्यायिका खरी का, हे विचारलं तर पाच मिनिटांत विषय संपतो. ती लोकांना सांगावीशी का वाटली, हे विचारलं की पानिपतानंतर पुण्यात घरोघरी काय झालं असेल तिथपर्यंत मुलं पोचतात. वि. का. राजवाडे गावोगाव, घरोघर हिंडून कागद गोळा करत होते ते याच रीतीने. हाती आलेला कागद आणि कानावर आलेली गोष्ट यांच्यातलं अंतर ओळखणं हाच त्यांचा धंदा होता. त्यांच्या पुढाकाराने १९१० साली निघालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आजही उभं आहे. त्या गल्लीतून रोज शाळेच्या रिक्षा जातात.

नेहमीचा आक्षेप असा, की शाळेत न जाणारी मुलं एकलकोंडी होतात, त्यांना चार माणसांत वावरता येत नाही. हा आक्षेप घेणारी माणसं स्वतः शाळेत गेलेली असतात, आणि लिफ्टमध्ये शेजाऱ्याशी बोलताना त्यांची काय अवस्था होते हे आपण पाहतोच. तरी आक्षेप पोकळ नाही. आपल्यासारख्याच घरातली, आपल्यासारखेच लाडू खाणारी मुलं टेकडीवर भेटत राहिली तर त्याला समाज म्हणता येत नाही. पण म्हणूनच तर गल्ली हवी. तांबटाशी बोलायचं तर त्याचं काम थांबू न देता बोलावं लागतं. देवळातल्या गुरवांना नैवेद्याची वेळ सोडून भेटावं लागतं. वाड्यातल्या आजींना 'ओरल हिस्टरी' म्हटलं तर त्यांना दाताच्या डॉक्टरची आठवण होते, त्यांना 'आजी, तुमच्या लहानपणी पाणी कुठून भरायचात?' असंच विचारावं लागतं. एवढं जमलं तर एकलकोंडेपणाचा प्रश्न सुटलाच, आणि नाही जमलं तर शाळेनेही सुटला नसता.

खरी पंचाईत होते ती बुधवार पेठेत, भिडे वाड्याच्या जागेसमोर. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा काढली. स्मारकासाठी जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरात पाडली. स्थानिक इतिहास दाखवायचा म्हटलं की ही जागा टाळता येत नाही, आणि शाळा सोडलेल्या मुलांना तिथे नेलं की त्यांच्यातलं एक तरी विचारणारच, की शाळेसाठी या बाईंनी शेण आणि दगड झेलले, मग आपण ती का सोडली? या क्षणी बहुतेक पालकांना पार्किंगची आठवण होते. जे जरा तयारीने आलेले असतात ते म्हणतात, 'अगं, सावित्रीबाईंनाही जोतिरावांनी घरीच शिकवलं होतं.' हे खरं आहे. यादी आणखी वाढवता येते. पंडिता रमाबाईंना आईवडिलांनी घरी संस्कृत शिकवलं. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी घरी शिकवलं, आणि घरातल्या बायकांची टोमण्यांची शाळा समांतर चालू होतीच. आनंदीबाईंना गोपाळराव जोश्यांनी शिकवलं आणि १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. मात्र गोपाळरावांच्या अध्यापनपद्धतीचे जे किस्से सांगतात ते ऐकले तर आजची कुठलीही कॉन्व्हेंट शाळा आजोळासारखी वाटेल. म्हणजे होमस्कूलिंग ही अमेरिकेतून आलेली फॅशन आहे असं म्हणणाऱ्यांना पुण्याच्या इतिहासात भरपूर उत्तरं आहेत.

पण हा पुरावा पालक वापरतात त्याच्या नेमका उलटा जातो, आणि तो उलटा जातो हेच मला त्यातलं मोलाचं वाटतं. या बायका घरी शिकल्या कारण शाळेचं दार त्यांना बंद होतं. आणि हातात विद्या आल्यावर त्यांनी काय केलं? सावित्रीबाईंनी रीतसर अध्यापनाचं शिक्षण घेतलं आणि शाळा चालवल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. रमाबाई रानड्यांनी पुण्याचं सेवासदन उभं केलं. पुण्यातल्या घरशिक्षणाचा इतिहास हा शाळा काढण्याचा इतिहास आहे. तो नीट सांगितला तर मेळाव्यातलं एखादं चलाख मूल त्याच संध्याकाळी घरी जाऊन 'मला शाळेत जायचंय' म्हणेल. म्हणू दे. 'मूल स्वतःचे निर्णय स्वतः घेतं' हे वाक्य गटाच्या फलकावर लिहिलेलं आहेच. आपल्या सोयीच्या बाजूने निघणारा पुरावा तेवढा दाखवायचा असेल तर त्यासाठी शाळा सोडायची गरज नव्हती, ती सोय सगळ्या मंडळांच्या पुस्तकांत आहे.

परीक्षेचा आक्षेप मात्र मी पटकन आटोपतो, कारण तो आजीआजोबांचा असतो आणि त्यांचं समाधान करणं कुणाच्याच हातात नाही. दहावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा आहे. त्यांत तांबट आळीला गुण नाहीत, हे खरं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला निघालेले गुरुजी एखाद्या दिवशी कोथरूडच्या फ्लॅटची बेल वाजवतील. समोर मोडी लिपी गिरवत बसलेलं मूल पाहून त्याला वीटभट्टीच्या रकान्यात टाकावं की स्थलांतरिताच्या, असा त्यांना पेच पडेल, हेही खरं. रकाना नसणं हा गुन्हा नाही, एवढंच माझं म्हणणं.

सगळ्यात वजनदार आक्षेप निराळा आहे, आणि त्याला विनोदाने उडवून लावता येत नाही. मंगळवारी अकरा वाजता मूल मोकळं असायला एका पालकाचा पगार सोडावा लागतो, आणि दुसऱ्याचा पुरेसा असावा लागतो. ज्यांच्या घरी दोघंही सकाळी सातला कामावर जातात त्यांच्या मुलाला शाळा म्हणजे शिक्षण तर आहेच, शिवाय दुपारचं जेवण आणि सुरक्षित जागाही आहे. त्यांना 'शाळेने जिज्ञासा मरते' हे ऐकवणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा. मोकळी सकाळ ही या मेळाव्यांची कमाई नाही, ती त्यांची चैन आहे. त्यांनी ती मान्य करावी आणि तिचा उपयोग करावा. शोधलेले उच्छ्वास नकाशावर मांडावेत, आजोबांच्या साक्षी लिहून काढाव्यात, तांबटाची परवानगी घेऊन त्याच्या कामाची टिपणं करावीत, आणि ते सगळं जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे नेऊन द्यावं. वर्कशीट छापू नयेत, प्रमाणपत्रं वाटू नयेत, समारोपाला पाहुणे बोलावू नयेत. आणि मुख्याध्यापकांनी डिसेंबरच्या सहलीऐवजी एका वर्गाला एका मंगळवारी, तीसच मुलांना, शिट्टी घरी ठेवून बाहेर काढावं. कसब्यातल्या किंवा शनिवारातल्या शाळेपासून तांबट आळी, लाल महाल आणि भिडे वाड्याची जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बस लागत नाही.